परदेशी पैशातून नळ आला तर सरकारवरचा विश्वास कमी होतो का?

ग्वाल्हेरला समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : वस्तीतला नळ, शौचालय किंवा दवाखाना परदेशी संस्थेच्या पैशातून उभा राहिला, तर लोकांचा सरकारवरचा विश्वास कमी होतो का? तिच्या मार्गदर्शकांचं म्हणणं असं की, ‘हे सरकारने नाही, बाहेरच्यांनी केलं’ असं एकदा लोकांच्या मनात बसलं की ते कर भरायला कुरकुरतात आणि सरकारला जुमानत नाहीत. शिवाय तिचा एक जोडप्रश्न आहे, की देणाऱ्या संस्थेच्या नावाची पाटी लावावी की लावू नये.

मी इंदूरचा. बाहेरच्या पैशावर चाललेल्या वस्ती-सुधार आणि पाणीपुरवठा प्रकल्पांत माझी बहुतेक नोकरी गेली. काम ‘समाज विकास’चं, म्हणजे खड्डे खणणारे इंजिनिअर आणि त्या खड्ड्यांत पडणारे लोक यांच्या मधोमध उभं राहायचं. तेव्हा उत्तर त्या जागेवरून देतो.

पाटीने विश्वास जात नाही. पैसा कुणाचा हे बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि कळलं तरी त्यावरून सरकारबद्दलचं मत फारसं हलत नाही. विश्वास जातो तो नंतर, प्रकल्पाचं ऑफिस बंद झाल्यावर, चेंबर तुंबल्यावर कुणाच्या दारात जायचं हे कळेनासं होतं तेव्हा. तुमच्या मार्गदर्शकांना जो परिणाम दिसतो तो खरा असू शकतो. कारण मात्र ते देणाऱ्याच्या नावात शोधताहेत, आणि मला ते हस्तांतरणात, म्हणजे बांधून झालेलं काम पुढे सांभाळणाऱ्याकडे सोपवण्यात दिसतं.

आधी एक हिशेब नीट करून घेऊ. आपल्या शहरांत आज परदेशी म्हणून जो पैसा येतो त्यातला फार मोठा भाग कर्ज आहे. 2003 साली भारताने बऱ्याच छोट्या देणगीदार देशांना ‘आता पुरे’ असं सांगितलं, आणि ब्रिटनने आपली पारंपरिक अनुदानं 2015पर्यंत बंद केली. उरल्या त्या मुख्यतः बँका. इंदूर, भोपाळ, जबलपूर आणि तुमचं ग्वाल्हेर या चार शहरांत पाणी आणि मलवाहिन्यांचा जो उदय प्रकल्प झाला, तो आशियाई विकास बँकेच्या कर्जातून. इंदूर मेट्रोला न्यू डेव्हलपमेंट बँकेचं कर्ज आहे, भोपाळ मेट्रोला युरोपीय गुंतवणूक बँकेचं. हे कर्ज दिल्लीमार्गे राज्याकडे येतं, आणि 2005पासून ते ज्या अटींवर मिळालं त्याच अटींवर राज्याच्या गळ्यात पडतं, डॉलर वर गेला तर तो भारही राज्याचाच. म्हणजे फेडणारे आपण. ‘बाहेरच्यांनी केलं’ या समजुतीतच चूक आहे, आणि गंमत अशी की ती समजूत वस्तीपेक्षा सेमिनारमध्ये जास्त आढळते.

इंदुरात खरोखरच अनुदानावर झालेलं मोठं काम म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सुरू झालेला वस्ती-सुधार प्रकल्प. पैसा ब्रिटिश सरकारचा, राबवणारं इंदूर विकास प्राधिकरण, आणि कल्पना हिमांशू पारीख या इंजिनिअरची. त्यांनी पाहिलं की शहरातल्या वस्त्या नाल्यांच्या आणि खान-सरस्वती या नद्यांच्या काठाने पसरल्या आहेत. पाणी उताराने जिथे जातं तिथेच गरीब राहतात. मग वस्त्यांमधून नेलेल्या वाहिन्या एकमेकींना जोडल्या तर अख्ख्या शहराची मुख्य मलवाहिनी कमी खर्चात तयार होईल. रस्ते घरांच्या जोत्यापेक्षा खाली घेतले, म्हणजे पावसाचं पाणी रस्त्यावरूनच वाहून जाईल. सार्वजनिक संडासांऐवजी घरोघरी जोडणी. 183 वस्त्यांचं हे काम, 1998 साली त्याला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक बघायला आले.

नंतर टीकाही तेवढीच झाली, आणि ती बरीचशी रास्त होती. घरजोडण्या अपेक्षेपेक्षा कमी झाल्या, वाहिन्या तुंबू लागल्या, शेवटी जाऊन मैला नदीतच पडत राहिला. कारणं अगदी साधी आहेत. मलवाहिनी उताराने वाहते हे खरं, पण वाहायला पाणी लागतं, आणि ज्या घरात माणशी चार बादल्या पाणी येतं तिथे कुणी संडासात दोन बादल्या ओतत नाही. दुसरं म्हणजे बांधणार एक संस्था आणि सांभाळणार दुसरी. प्राधिकरण बांधतं, पुढे चालवायचं महापालिकेने. ही फट कागदावर एका पत्राने बुजते. गल्लीत ती वर्षानुवर्षं उघडी राहते.

त्या फटीत काय होतं ते एका ठिकाणचं सांगतो. माळव्यातलं मध्यम शहर, नाव देत नाही. परदेशी कर्जातून वस्तीत मलवाहिनी टाकून काही वर्षं झाली होती आणि आम्ही पाहणीला गेलो होतो. गल्लीच्या तोंडाशी प्रकल्पाची पाटी होती, वर बँकेचं बोधचिन्ह. उन्हाने ते पार फिकं पडलेलं, पाटीच्या खांबाला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली, आणि मजकुरावर कुणीतरी ट्यूशनचं पोस्टर चिकटवलेलं. बायकांना विचारलं, हे काम कुणी केलं? एकीने पार्षदाचं नाव घेतलं. दुसरी म्हणाली, भोपाळहून आलं. तिसरीला आठवली ती जीपमधून येणारी मॅडम, म्हणजे आमच्यासारखीच कुणी प्रकल्पाची कार्यकर्ती. बँकेचं नाव एकीनेही घेतलं नाही, आणि पाटी हाताच्या अंतरावर होती.

मग पुढचा प्रश्न विचारला : तुंबल्यावर काय करता? यावर मात्र सगळ्यांचं उत्तर एकच. शेजारच्या मोहल्ल्यातला एक जण बांबूच्या खपच्च्या घेऊन येतो, घरटी पैसे गोळा करून त्याला द्यायचे. चेंबरचं लोखंडी झाकण चोरीला गेलं होतं, त्या जागी फरशीचा तुकडा ठेवला होता. पालिकेत गेलं तर सांगतात, अजून डीएलपी आहे, कंत्राटदाराला बोला. डीएलपी म्हणजे काम झाल्यानंतरचा तो काळ, ज्यात दोष निघाला तर कंत्राटदाराने दुरुस्त करायचा. कंत्राटदार केव्हाच दुसऱ्या राज्यात निघून गेलेला. एक आजी मला म्हणाल्या, “भैया, बाकी सब छोड़ो, ये चेंबर है किसका, बस इत्ता बता दो.” मला ते सांगता येत होतं, कारण करारपत्र माझ्या पिशवीत होतं. पण ते आजींना माझ्याकडून कळावं लागलं, हाच खरा मुद्दा.

आता अभ्यासकांनी काय पाहिलंय ते. तुमच्या विषयावर सगळ्यात उपयोगी काम मला बांगलादेशातलं वाटतं, कारण तिथली स्थानिक राजकारणाची रीत आपल्याला ओळखीची आहे. डायट्रिच, महमूद आणि विंटर्स यांनी तिथे देशभराच्या पाहणीत एक प्रयोग केला. अमेरिकेच्या पैशावर चालणाऱ्या आरोग्य प्रकल्पाबद्दल काही लोकांना सांगितलं की पैसा अमेरिकेचा आहे, काहींना नाही सांगितलं. मुळात यूएसएडचं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचं चिन्ह ओळखणारे कमीच निघाले. ज्यांना स्पष्ट सांगितलं त्यांचं अमेरिकेबद्दलचं मत थोडं सुधारलं. आणि स्थानिक प्रशासनावरचा विश्वास? तो घटायच्या ऐवजी थोडा वाढला. याचा अर्थ मी असा लावतो : बाहेरचा पैसा आपल्या गावात आणता येणं, हीसुद्धा लोकांच्या लेखी कर्तबगारी आहे. आपल्याकडे नाही का, ‘त्याने दिल्लीहून फंड आणला’ हे कौतुकानेच म्हणतात.

दुसरं काम गिटरास आणि मुबारक यांचं, तेही बांगलादेशातलं, शौचालयांबद्दलचं. शंभर खेड्यांमध्ये बाहेरच्या पैशाचा कार्यक्रम आला. जिथे वाटपात स्थानिक पुढाऱ्याचा हात आहे की नाही हे लोकांना स्पष्ट नव्हतं, तिथे पुढारी मतदारसंघात जास्त फिरू लागले आणि लोकांनीही त्यांना श्रेय दिलं. जिथे अनुदान उघड सोडतीने वाटलं, तिथे सोडत लागलेल्यांनी पुढाऱ्याला जादा गुण दिले नाहीत. आणि ज्यांना नंतर जाऊन सांगितलं की पैसा बाहेरचा होता, त्यांनी आधी दिलेलं जादा श्रेय काढून घेतलं. फिलिपाइन्समध्ये क्रूझ आणि श्नायडर यांना उलट बाजू दिसली. जागतिक बँकेच्या पैशाच्या कार्यक्रमात महापौरांचा फारसा हात नसतानाही त्यांना निवडणुकीत फायदा झाला. म्हणजे लोक भोळे नाहीत, पण माहिती नसेल तर जो समोर दिसतो त्याच्या नावावर जमा करतात.

हे वाचून पाटीबद्दलचं माझं मत पक्कं झालं. पाटी लावावी. मात्र आज लागते तशी नाही. आज काय दिसतं? देणाऱ्या बँकेचं चिन्ह कोपऱ्यात, आणि शेजारी ग्रॅनाइटची लोकार्पण शिला, तिच्यावर मंत्री, सांसद, विधायक, महापौर यांची नावं मानाच्या क्रमाने. बघणाऱ्याच्या उपयोगाचं एक अक्षर नाही. पाटीवर इतकंच असावं : कर्ज किती, फेडणार कोण, काम कुणी केलं, डीएलपी कुठल्या तारखेपर्यंत, आणि त्यानंतर बिघडलं तर कोणत्या झोन ऑफिसात, कुठल्या नंबरवर. इंदुरात तक्रारींसाठी महापालिकेचं 311 ॲप आहे, राज्याची 181 हेल्पलाइन आहे. लोक 181 सर्रास वापरतात, कारण तक्रारीला नंबर पडतो आणि ती बंद करायला कुणालातरी फोन करावाच लागतो. त्यात खोट्या ‘निराकरण झाले’च्या नोंदीही होतात, ते सोडा. पण ‘विचारायची जागा’ असणं म्हणजे काय, ते त्या नंबरने शिकवलं.

प्रकल्पांच्या बाजूने जे चुकतं त्यात एक गोष्ट बाहेर फारशी बोलली जात नाही. कर्जाचा प्रकल्प आला की त्याचं वेगळं युनिट उभं राहतं. वेगळं ऑफिस, वेगळ्या गाड्या, सल्लागार, इंग्रजीतली खरेदीची नियमावली. हे का होतं ते समजण्यासारखं आहे, बँकेला मुदतीत काम आणि स्वच्छ हिशेब हवे असतात आणि पालिकेवर तिचा भरवसा नसतो. पण परिणाम असा की पालिकेचा जुना ज्युनिअर इंजिनिअर, ज्याला पुढची वीस वर्षं ही पाइपलाइन सांभाळायची आहे, तो सगळं लांबून बघतो. युनिट बंद होतं तेव्हा ॲज-बिल्ट नकाशे, म्हणजे पाइप खरोखर कुठून गेला त्याचे नकाशे, सल्लागाराच्या कॉम्प्युटरवरच राहतात. पालिकेकडे येते ती मूळ आराखड्याची फाइल. आणि रस्त्यावर पाइप कधीच मूळ आराखड्याप्रमाणे जात नाही, मध्ये कुणाचं मंदिर येतं, कुणाचा ओटा येतो.

मग सगळी भिस्त कुणावर? वॉलमनवर, म्हणजे पाण्याचे वॉल्व्ह उघडबंद करणाऱ्यावर. पाण्याच्या कामात हा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात महत्त्वाचा माणूस. इंदुरात नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरएक किलोमीटर वर चढवून आणतात. या पाण्यासाठी झालेल्या 1970च्या आंदोलनानंतर ते 1978 साली शहरात आलं, आणि त्याआधी होळकरांच्या काळातला यशवंत सागर आणि जुने तलाव यांच्यावरच भागत होतं. एवढा खटाटोप करून आलेलं पाणी शेवटी गल्लीत सोडतो तो चावी हातात घेतलेला एक माणूस. बऱ्याच भागांत एक दिवसाआड पाणी, आणि कुठला वॉल्व्ह किती फेरे उघडायचा हे त्याच्या मनगटाला ठाऊक. तो वेळेवर आला तर सरकार चांगलं. तो पंधरा मिनिटं आधी बंद करून गेला तर सरकार चोर. लोकांच्या बोलण्यात दिल्ली-भोपाळ असतं, पण मनातला हिशेब त्याच्यापासून सुरू होतो. नव्या कर्जाच्या वाहिनीचे वॉल्व्ह त्याला दाखवलेच नाहीत, तर कितीही कोटींचं काम असो, त्या गल्लीत ते फुकट.

म्हणून हस्तांतरणाचं चांगलं उदाहरण कुणी मागितलं की मी पाण्यातलं देत नाही, एचआयव्ही प्रतिबंधातलं देतो. गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ कार्यक्रम सहा राज्यांत चालत होता, महाराष्ट्र त्यातलं एक. 2009 ते 2012 या काळात तो टप्प्याटप्प्याने सरकारच्या एड्स नियंत्रण यंत्रणेकडे दिला गेला. देण्याआधी त्यांनी खर्चाचे दर आणि माणसांची संख्या सरकारी नियमांत बसेल अशी आणून ठेवली. म्हणजे पैसा बदलला तेव्हा दवाखान्यातली माणसं आणि वेळा शक्यतो त्याच राहिल्या. त्याच्या उलट 2025च्या जानेवारीत अमेरिकेने निधी एकाएकी थांबवला, तेव्हा हैदराबाद, पुणे आणि कल्याण इथले तृतीयपंथीयांसाठीचे मित्र क्लिनिक बंद पडले. तिथे कुणाकडे काय सोपवायचं, याला वेळच नव्हता.

कर भरण्याबद्दल तुमच्या मार्गदर्शकांनी जे म्हटलं ते मात्र मी सहज सोडून देणार नाही. फुकट मिळालेल्या सेवेवर माणूस हक्काने बोलत नाही, हे मी पाहिलंय. अहमदाबादला 1995नंतर वस्ती-सुधाराचं काम झालं, त्यामागेही पारीखांचीच कल्पना होती, पण एक फरक केला. प्रत्येक कुटुंबाने दोन हजार रुपये भरायचे, शिवाय देखभालीला शंभर. बचतीचं काम ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेच्या बँकेने सांभाळलं. आणि महापालिकेने लिहून दिलं की दहा वर्षं वस्ती हटवणार नाही. माझ्या मते दोन हजारांपेक्षा त्या कागदाची किंमत मोठी होती. आपल्या मध्य प्रदेशात 1984च्या कायद्याने शहरी भूमिहीनांना पट्टे, म्हणजे राहत्या जागेच्या हक्काचे कागद मिळाले, त्याची आठवण जुन्या वस्त्यांत अजून ताजी आहे. नळ, लाइट, रस्ता यांकडे लोक ‘आता आपल्याला उठवणार नाहीत’ याची खूण म्हणून बघतात. घर राहणार याची खात्री नसलेल्या माणसाला जलकराची पावती का महत्त्वाची वाटावी?

इंदुरात घरोघर कचरा उचलायला पिवळी गाडी येते, तिचं शुल्क लोक भरतात, कारण गाडी येते. क्रम हा असाच असतो, आधी गाडी, मग शुल्क. 2023च्या फेब्रुवारीत महापालिकेने 244 कोटींचे हरित रोखे जनतेसाठी काढले, जलूदच्या बाजूला 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला, म्हणजे पाणी चढवायचं वीजबिल कमी व्हावं. मागणी जवळजवळ सहापट आली. वर्तमानपत्रांनी याला शहरावरचा विश्वास म्हटलं. असेल. पण सव्वाआठ टक्के व्याजावरचा गुंतवणूकदाराचा विश्वास आणि वस्तीतल्या बाईचा विश्वास हे एका तराजूत टाकू नका. पहिला पत-मानांकन बघतो, दुसरी वॉलमन बघते.

बाहेरचा माणूस आला की संशय येतोच, हे मात्र जुनं आहे. 1917च्या सुमारास होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराला शहराचा आराखडा करायला बोलावलं, पैसा दरबाराचा, परदेशी फक्त माणूस. गल्लीबोळांत नकाशे घेऊन हिंडणाऱ्या या म्हाताऱ्या साहेबाकडे बोट दाखवून लोक म्हणत, हाच प्लेग आणतो. गेडिस यांनी दिवाळीला मोठी मिरवणूक काढायचं ठरवलं आणि जाहीर केलं की जे रस्ते सगळ्यात स्वच्छ आणि दुरुस्त असतील, मिरवणूक तिथूनच जाईल. मोहल्ले झाडूनपुसून लखलखीत झाले. त्या सगळ्या आराखड्यातलं लोकांच्या लक्षात राहिलं ते एवढंच, आणि मला ते त्यांच्या 1918च्या जाडजूड अहवालापेक्षा जास्त शिकवून जातं.

शेवटी तुमच्या पाहणीबद्दल. ‘तुमचा सरकारवर विश्वास आहे का?’ असं थेट विचारू नका, त्याला लोक तुमचं तोंड बघून उत्तर देतात. विचारा की गेल्या खेपेला पाणी आलं नाही तेव्हा कुणाला फोन केला, कोण आलं, किती दिवसांनी, पैसे द्यावे लागले का. पैसा कुणाचा होता ते सगळ्यात शेवटी विचारा, नाहीतर आधीची उत्तरं त्याच्याकडे झुकतात. लष्कर, मुरार आणि जुनं ग्वाल्हेर या तिन्ही भागांत उदय प्रकल्पाच्या वाहिन्या कुठे आहेत आणि कुठे नाहीत ते बघून गल्ल्यांच्या जोड्या लावा. आणि त्याच वॉर्डांचे जलकर वसुलीचे आकडे मागवा, बोलण्यात आलेलं आणि पावतीवर उतरलेलं जुळतं का ते तिथेच कळेल. माहिती अधिकारात तीस दिवसांची मुदत असते, पहिलं उत्तर बहुधा अर्धवट येतं आणि अपिलात जावं लागतं, तेव्हा प्रबंधाची तारीख बघून अर्ज याच महिन्यात टाका.